दुपारी येणारी

१

सकाळी साडेसातला धाकटी आईच्या खोलीचा पडदा सरकवायची, चहाचा कप तिच्या हातात द्यायची आणि तिनं तो नीट धरलाय हे बघूनच आपला हात सोडायची. आई पहिला घोट घ्यायची, वर बघायची आणि विचारायची, "तुम्ही कोण?"

"मी आहे, आई. धाकटी."

"नाही हो." आई अगदी गोड आवाजात सांगायची, दुकानदारानं भलतीच वस्तू काढून दाखवली तर त्याला सांगावं तसं. "माझ्या धाकटीला माझे डोळे आहेत. तुमचे वेगळे आहेत. छान आहेत, पण वेगळे आहेत."

मग उरलेला चहा संपवून, "तुम्हाला उगाच त्रास माझा," म्हणत कप परत करायची.

आठ महिने हे असं चाललं होतं. धाकटीला ते पाठ झालं होतं, पण सवयीचं काही झालं नव्हतं.

कपडे दुरुस्त करून देणाऱ्या एका दुकानात ती वीस वर्षं काम करत होती. सैल झालेलं आवळायचं, तोकडं झालेलं सोडायचं, फाटलेलं रफू करायचं. हात असा की शिवण कुठली हे गिऱ्हाइकाला बोट ठेवून दाखवावं लागे. पण गिऱ्हाईक कपड्याच्या आधी तिच्या तोंडाकडे बघायचं आणि म्हणायचं, "झोप झाली नाही का बाई?" आईकडून आलेल्या जड पापण्या होत्या त्या. वरच्या पापणीला घडी नाहीच, नुसता एक सपाट पडदा. वडील होते तोवर दोघींना मिळून 'झोपाळू मंडळ' म्हणायचे. वडलांचं हसू यायचं. गिऱ्हाइकांचं वीस वर्षांत येईनासं झालं. शेवटी एक दिवस मनाचा हिय्या करून तिनं शस्त्रक्रियेनं पापण्यांवर घडी पाडून घेतली.

करायला गेली एक आणि झालं भलतंच. घडी फार वर पडली, उजवीकडे तर आणखीच वर. आत्ताच काहीतरी वाईट ऐकलंय असा चेहरा कायमचा होऊन बसला. उजवा डोळा झोपेतही पुरता मिटेना, सकाळी वाळू गेल्यासारखी आग व्हायची. दुसऱ्या शहरात राहणाऱ्या ताईनं फोटो बघितला आणि फोनवर एवढंच म्हणाली, "आहेत त्या डोळ्यांना काय धाड भरली होती ग?"

आणि ज्या दिवशी पट्टी निघाली त्याच दिवशी आईनं तिला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं.

आईच्या विसराळूपणावर औषध देणारे डॉक्टर म्हणाले, हे आज ना उद्या होणारच होतं, डोळ्यांचा काही संबंध नाही. धाकटीनं मान डोलावली. पण ताईला आई फोटोत बघूनसुद्धा ओळखत होती.

त्या दिवशी सकाळी कप परत देताना आई आणखी एक वाक्य बोलली.

"आज ती आली की सांगते तिला, तुम्ही किती नीट करता माझं सगळं."

"कोण आली की?"

"माझी धाकटी हो. दुपारी येते ना ती."

२

बिघडलेल्या पापण्या दाखवायला धाकटी ज्यांच्याकडे गेली त्या दुसऱ्या डॉक्टर वयानं मोठ्या होत्या. नखं बारीक कापलेली, चष्मा कपाळावर. "माझ्याकडे येणारे सगळे दुसऱ्यानं बिघडवलेलं घेऊन येतात," त्या म्हणाल्या.

"माझ्याकडेही तसंच असतं," धाकटी म्हणाली. आपण काय करतो ते तिनं सांगितल्यावर डॉक्टर हसल्या.

त्यांनी तिला डोळे मिटायला लावले, उघडायला लावले, लहानशा पट्टीनं पापणी मोजली. "घडी फार वर आहे आणि कातडी आत चिकटून बसलीय. ते सोडवता येईल. घडी खाली आणता येईल. डोळा मिटायलाही लागेल. पण जे कापून टाकलंय ते मी कुठून आणू?"

"पूर्वीसारखे होतील?"

"पूर्वीसारखे नाहीत. पूर्वीच्या जवळपास."

धाकटीला हे वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. शिवण उसवता येते, पण सुईची भोकं राहतात. आणि कात्री चालली की चालली.

"कशासाठी करायचंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"आई ओळखत नाही मला."

डॉक्टरांनी चष्मा हातात घेतला आणि बराच वेळ त्या तो पुसत राहिल्या. "त्यासाठी नका करू. डोळा मिटायला हवा म्हणून करा, आग थांबायला हवी म्हणून करा. ओळख शिवून देता येत नाही मला."

"डोळा मिटायला हवा," धाकटी म्हणाली.

नमुन्यासाठी तिनं जुना फोटो दिला. सहा आठवड्यांनंतरचा दिवस ठरला.

३

दिवसा आईजवळ एक बाई असायच्या. शिकलेल्या नर्स नव्हत्या, पण सगळे त्यांना नर्सबाई म्हणत आणि त्यांनाही ते आवडे. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा. दुपारी जेवून आई आडवी झाली की दीड ते तीन त्या स्वयंपाकघरात बसून कानात बोंडं घालून फोनवर मालिका बघायच्या.

एका संध्याकाळी धाकटी घरी आली तेव्हा पर्स खांद्याला अडकवत नर्सबाई म्हणाल्या, "स्वेटरचं कोपर काय सुरेख केलंत हो. मी तर शोधत बसले भोक कुठे गेलं म्हणून."

आईचा राखी स्वेटर खुर्चीच्या पाठीवर होता. त्याचं डावं कोपर उन्हाळ्यापासून विरलेलं होतं. आज करू, उद्या करू म्हणत धाकटीच्या हातून राहून गेलं होतं. चांभाराच्या घरी पायताण नसतं, त्यातली गत.

तिनं बाही दिव्याखाली धरली. रफू केलेलं होतं. आधी उभे धागे, मग आडवे, एकाआड एक. आणि शेवटी गाठ नाही. धागा तीन घरं मागं नेऊन तिथंच कापलेला. गाठ अंगाला टोचते म्हणून तिच्या शिकवणारीनं तिला लावलेली खोड होती ती. दुकानात दुसरं कुणीच तसं करत नव्हतं. माणसाला आपलं अक्षर ओळखू येतं, तसं तिनं ते ओळखलं.

धाग्याचा रंगही नेमका जुळला होता. त्या रंगाचं रीळ दुकानात परवाच आलं होतं आणि तिच्या खणात वेष्टनासकट पडून होतं.

"हे मी नाही केलं," ती म्हणाली.

"अहो, परवा दुपारी तुम्हीच तर बसला होतात करत! मी पाणी प्यायला उठले तेव्हा दारातून दिसलात. पाठ होती माझ्याकडे."

"परवा मी दुकानात होते."

"असाल." नर्सबाईंना वाद घालायचा नव्हता. "मग मला भास झाला असेल. पण भास काही रफू करून जात नाहीत."

त्या गेल्यावर धाकटी स्वेटर मांडीवर घेऊन बसली. आपणच कधीतरी केलं असेल. डोळ्यांची आग, अर्धी झोप, डोकं ठिकाणावर नसतं हल्ली. तसाच धागा घरातही असेल कुठेतरी. तिनं घरातला डबा उलटा केला. राखी धागा नव्हता.

"आवडला ना?" पलंगावरून आई म्हणाली. "आम्हाला जायचंय. ती म्हणते, फाटक्या कोपरानं नको निघूया."

"कुठे जायचंय, आई?"

"ते तुम्हाला कशाला?" आई म्हणाली. त्यात तुटकपणा नव्हता. बाहेरच्या माणसाला घरातलं सांगत नाहीत, एवढंच.

४

दुसऱ्या दिवशी दात दुखतोय असं मालकिणीला सांगून धाकटी दोन वाजता दुकानातून निघाली. तीन मजले जिन्यानं चढली. लिफ्टचा आवाज होतो म्हणून जिन्यानं आलो, हे तिला वर पोचल्यावर कळलं. आपल्याच घरात चोरासारखं शिरायचं, म्हणजे काय म्हणायचं याला?

दाराला कान लावायची गरज पडली नाही. आत आई हसत होती. कानात वारं शिरल्यासारखं, खोकला येईस्तोवर हसत होती. आठ महिन्यांत तो आवाज घरात झाला नव्हता.

मग कुणीतरी हळूच काही बोललं.

दुकान बंद असलं की फोनवर एक निरोप वाजायचा, "दुकान नऊ ते सहा उघडं असतं." तो धाकटीच्याच आवाजात होता, आणि तिला तो कधीच आवडला नव्हता. आपला आवाज बाहेरून ऐकला की परका वाटतो, कोरडा आणि थोडा खालच्या पट्टीतला. आता दाराआड तोच आवाज होता. शब्द कळत नव्हते. पण आवाज तोच.

हातातली किल्ली कुलपाला लागून किणकिणली. आतलं बोलणं बंद झालं.

आई खुर्चीत बसली होती. तिच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, शिवणाचं स्टूल ओढलेलं होतं. खिडकी आतून बंद होती. खोलीला दुसरं दार नव्हतं. स्वयंपाकघरात नर्सबाई कानात बोंडं घालून मान डोलावत होत्या.

धाकटीनं स्टुलावर तळवा ठेवला. ऊब होती.

"आत्ताच गेली," आई म्हणाली.

"कुठून गेली?"

"तुम्ही आलात ना, मग गेली. तुम्हाला भिते ती."

"मला?"

आईनं दोन बोटांनी आपल्या जड पापण्या वर ओढल्या आणि डोळे वटारून दाखवले. मग लगेच बोटं काढली. "वाईट वाटून घेऊ नका हं. लाजाळू आहे जरा."

धाकटीनं कपाट उघडलं. मग गुडघ्यांवर बसून पलंगाखाली बघितलं. धूळ आणि एक जुना चष्म्याचा डबा, बाकी काही नाही.

"तिथे नाही हो ती," आई म्हणाली. लपाछपीत हरलेल्या पोराला सांगावं तसं.

त्यानंतर दुपारी घरी जायचं धाकटीनं टाळलं. काम फार आहे, असं ती स्वतःला सांगायची. काम काही फार नव्हतं. दीड वाजला की हातातली सुई थांबायची, आणि आता तिकडे आई हसत असेल, एवढंच डोक्यात यायचं. भीती वाटायची, हे खरं. पण भीतीपेक्षा जास्त जाचायचं ते दुसरंच. आपल्या जागेवर बसलेल्या आपलाच हेवा वाटावा, हे कुणाला सांगायचं?

५

शस्त्रक्रिया दुपारीच होती. भूल फक्त पापण्यांपुरती. डोळे मधूनमधून उघडायला सांगतात म्हणून पुरती झोपवत नाहीत. सुया टोचल्याचं कळलं, मग काही नाही. नुसता लहान कात्रीचा आवाज. तो ओळखीचा होता, त्यामुळे तिला बरं वाटलं. उसवणं चाललं होतं.

"उघडा," डॉक्टर म्हणत. "मिटा. परत उघडा. आता उठून बसा."

ती बसली. समोर नुसता पांढरा उजेड होता. डॉक्टर तिच्याकडे बघत होत्या, मग दाराकडे, परत तिच्याकडे. मग त्यांनी तिला आडवं केलं आणि एक टाका सोडून जरासा खाली घेतला.

सगळं झाल्यावर ओल्या कापसानं कपाळ पुसताना त्या म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला आत यायला सांगू का? बाहेर थांबल्यात."

"माझी बहीण इथे नसते."

"मग कोण होत्या त्या? दाराच्या काचेतून बघत होत्या. तुमच्यासारख्याच अगदी. खरं सांगू का, फोटोत पापणी नीट कळत नव्हती, मी त्यांच्यावरूनच अंदाज घेतला." डॉक्टरांनी दार उघडून बघितलं. "गेल्या वाटतं. रडत होत्या हो बिचाऱ्या."

टाके सातव्या दिवशी निघाले. सूज राहिली. सूज उतरेपर्यंत आईसमोर असलं तोंड घेऊन जायचं नाही, असं धाकटीनं ठरवलं. बाहेरच्या खोलीत झोपायची, आईच्या खोलीत गेलीच तर काळा चष्मा लावून. सकाळचा चहासुद्धा नर्सबाई लवकर येऊन द्यायला लागल्या.

त्या दिवसांत दुपारी कुणी आलं नाही. आई खुर्ची दाराकडे वळवून बसायची. तीन वाजले की म्हणायची, "आज नाही जमलं वाटतं तिला." चौथ्या-पाचव्या दिवसापासून तेही म्हणेनाशी झाली.

"जेवत नाहीत," नर्सबाई म्हणाल्या. "दोन चमचे सूप, की पुरे. वाट बघतात हो नुसत्या."

धाकटी आरशासमोर उभी राहून सूज बघायची. लवकर उतर, लवकर उतर, असं म्हणायची.

६

सहा आठवड्यांनी तिनं चष्मा काढला. पूर्वीसारखे नव्हते, पण पूर्वीच्या जवळपास होते. साडेसातला पडदा सरकवला, कप आईच्या हातात दिला आणि हात सोडायला विसरली.

आई बघत राहिली. वाफ दोघींच्या मधून वर जात होती.

"अगं," आई म्हणाली, "किती वाळलीस तू!"

धाकटी कशीबशी स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. मग ताईला फोन केला. "अगं म्हणाली मला! तू म्हणाली!" ताईला आधी कळेना, मग कळलं, आणि तीही फोनवर रडायला लागली.

नऊ दिवस असे गेले की दृष्ट लागावी. धाकटीनं दुकानातून रजा काढली. आई पुन्हा जेवायला लागली. ये ग, बस ग, ते दे ग, असं दिवसभर चालायचं. धाकटी तिची वेणी घालायची, नखं कापायची, आणि वडलांच्या त्याच त्या गोष्टी ऐकून दरवेळी नव्यानं हसायची.

नर्सबाई आता फक्त दुपारपुरत्या यायच्या. दीड ते तीन धाकटी मात्र खोलीतून हलायची नाही. डोळ्यांत तेल घालून दाराकडे बघत बसायची. कुणी येत नव्हतं.

एकच गोष्ट होती. एवढ्या दिवसांत आई तिला 'धाकटी' म्हणाली नव्हती. धाकटीच्या ते लक्षात आलं होतं. पण ताटात वाढलेल्या सुखातले खडे वेचत बसू नये, असं म्हणून तिनं तिकडे कानाडोळा केला.

७

दहाव्या दिवशी दुपारी आई खुर्चीत बसली होती आणि धाकटी तिच्या पलंगावर लवंडली होती. पाठ टेकायची, एवढंच ठरवलं होतं. आईच्या बोलण्यानं तिला जाग आली.

"हळू बोल. उठेल ती."

धाकटीचे डोळे मिटलेले होते. ते तसेच राहिले.

कुणीतरी काही विचारलं असावं, कारण आई म्हणाली, "छे ग, स्वभावानं फार चांगली आहे. माझं फार केलं तिनं. तिचं स्वतःचं कुणी नाही वाटतं." थोडा वेळ गेला. "हल्ली मी तिला अगं-तुगं करते. तिला बरं वाटतं."

धाकटी तशीच पडून राहिली. स्टुलाचे पाय फरशीवर घासले. आणि मग अगदी हाताच्या अंतरावरून तो कोरडा, थोडा खालच्या पट्टीतला आवाज म्हणाला, "पाय पुढे कर, आई."

बुटाच्या नाड्या भोकांतून सरकल्याचा आवाज आला.

उठता आलं असतं. नुसते डोळे उघडले असते तरी पुरलं असतं. ती भिते, निघून जाते, हे धाकटीला माहीत होतं. आपण बघितलं की ती जाईल. आणि मग आई पुन्हा खुर्ची दाराकडे वळवून बसेल. हाही विचार आला, आणि भीतीही वाटत होती. दोन्हींतल्या कशानं तिला धरून ठेवलं, ते तिला तेव्हा कळलं नाही, आणि पुढेही कधी कळलं नाही.

एकदाच तिनं पापण्या केसभर विलग केल्या. वाकलेले खांदे दिसले. नाडीची गाठ मारणारा हात दिसला, आणि त्याच्या बोटावर सुई टोचून टोचून पडलेले काळे ठिपके. मग ते डोकं वर झालं आणि पलंगाकडे वळलं. जड पापण्यांचे, अर्धे झोपेत असल्यासारखे डोळे. त्यांत राग नव्हता. ते खूप रडून झालेले डोळे होते, आणि ते तिच्याकडे इतक्या मायेनं बघत होते की धाकटीनं आपले डोळे गच्च मिटून घेतले.

"चल," आई म्हणाली. आनंदानं म्हणाली.

पावलं वाजली. एकीची हळू, एकीची तिच्या चालीनं. दोघींची पावलं दारापाशी गेली, पण दार वाजलं नाही.

धाकटीनं डोळे उघडले तेव्हा खोलीत लख्ख ऊन होतं. आई खुर्चीतच होती. स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, हात मांडीवर, पायांत बाहेर जायचे बूट. मान एका बाजूला कलली होती. हात अजून गरम होता. नर्सबाई धावत आल्या, नाडी बघितली, आणि मग कानातली बोंडं काढून मुठीत धरून उभ्या राहिल्या.

संध्याकाळी ताईचा फोन आला. ती निघाली होती, सकाळपर्यंत पोचणार होती. बोलता बोलता हुंदके देत होती.

"तू जवळ होतीस ना ग?"

"होते. तिथेच होते."

"काही बोलली का शेवटी? काही म्हणाली?"

बूट कुणीच काढले नव्हते. धाकटी त्या नाड्यांकडे बघत होती.

"माझा डोळा लागला होता, ताई," ती म्हणाली.

ताईनं हुंदका आवरला. "जाऊ दे," ती म्हणाली. "मनाला लावून घेऊ नकोस. निदान तुला ओळखून तरी गेली ग."

धाकटीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हो, ताई," ती म्हणाली. "ओळखून गेली."